शाळेची वाट मुलांची असते

"आलीच बघ परत. पोरगी आठ वर्षांची झाली तरी हिचं बोट काही सुटत नाही," बोसार्टबाई शेजारणीला म्हणाल्या, आणि मान वळवून माझ्याकडे बघत गोड हसल्या. "ग्रुएत्सी."

मीही ग्रुएत्सी म्हटलं. तिकडे रामराम घालायचा तो असा. आमच्यात कोपरभर अंतर होतं आणि बाईंनी आवाजही उतरवला नव्हता, कारण त्यांची बोली मला कळत नाही याची त्यांना खात्री होती. कळणार कशी? पुस्तकातली जर्मन वेगळी आणि स्वित्झर्लंडमधले लोक आपसांत बोलतात ती वेगळी, घशात माशाचा काटा अडकल्यासारखी. आणि माझं शिक्षण फलटणला बारावीपाशी थांबलं ते थांबलंच. पण दिवसभर घरात एकटी बाई काय करणार? रेडिओवर हवामान ऐकायचं, दुधाच्या पुड्यावरची अक्षरं लावायची, वाचनालयातून लेकीच्या, मैथिलीच्या नावावर चित्रांची पुस्तकं आणून तिच्याआधी आपण वाचायची. असं करत करत ती भाषा माझ्या अंगाला चिकटली. नवऱ्याला चिकटली नाही. शिरीष मोठ्या कंपनीत इंजिनिअर, तिथे सगळा कारभार इंग्रजीत. गावात कुठे अडलं की मला पुढे करायचा.

बोसार्टबाई वाईट नव्हत्या. आमच्या इमारतीत, बरोबर आमच्या घराखाली राहायच्या. त्यांचा लेविन मैथिलीच्याच वर्गात. बोलल्या ते मुद्द्याचंच होतं. त्या गावात मूल शाळेत एकटं जातं, नाहीतर शेजारच्या मुलांबरोबर. आई फाटकापर्यंत पोचवायला आली की ते मूल अधू आहे की आई, असा प्रश्न लोकांना पडतो.

तिथली सरकारी शाळा समजून घेताना आमची बरीच तारांबळ उडाली. शाळा निवडायची सोय नाही; तुम्ही राहता तिथली, ती तुमची. फी नाही, देणगी नाही, मुलाखत नाही, पहिला नंबर नाही. "फुकट आहे म्हणजे यथातथाच असणार," शिरीष म्हणाला. दुपारी जेवायला मुलं घरी येतात आणि परत जातात. वर्गात शिरताना बूट काढून लोकरी सपाता घालायच्या आणि बाई दारात उभ्या राहून एकेकाशी हात मिळवणार. मैथिलीच्या ब्रुनरबाई तरुण होत्या, केस मुलासारखे कापलेले. मी फाटकाशी येते हे बघून त्यांनी एकदा मला बाजूला घेतलं आणि अगदी मऊ शब्दांत सांगितलं की शाळेची वाट मुलांची असते. मैत्री, भांडण, उशीर, चिखल, सगळं त्यांचं. तिथे मोठ्यांनी पाय टाकायचा नसतो.

मी पाय मागे घेतला.

त्यानंतर पालकांना बोलवायची वेळ आली. शाळेनं विचारलं होतं, दुभाषा हवाय का, आम्ही देऊ. शिरीषनं नाही म्हणून कळवायला लावलं. घरातल्या गोष्टी परक्याच्या तोंडून कशाला, तू आहेस की. तिथे गेलो तर मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्हाला बसवलं आणि मधे मैथिलीही. मुलीसमोर मुलीबद्दल काय बोलायचं, हे शिरीषला कळेना. गुडघे छातीला लावून बसला होता बिचारा. शेवटी पुढे झुकून, मोकळं हसून मला म्हणाला, "बाईंना सांग, अभ्यास केला नाही तर बेलाशक दोन फटके द्या. आमची काही हरकत नाही."

वाईट मनानं नाही म्हणाला. आमच्याकडे मास्तरांना असं सांगणारे बाप मी लहानपणापासून बघितलेत. तो विश्वास दाखवायचा प्रकार असतो. ब्रुनरबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

बाईंचा चेहरा उजळला. "बघ, खूश झाल्या," शिरीष म्हणाला. दोन्ही भाषा येणारी त्या खोलीत आणखी एकच व्यक्ती होती. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि सपातेची लोकर उपटत बसली.

पानगळीच्या सुमाराला मैथिली जखमा घेऊन घरी यायला लागली. आधी जॅकेटची बाही खांद्यापासून उसवलेली. मग डोळ्याखालून हनुवटीपर्यंत नखाचा ओरखडा. एकदा तर दातांवर रक्त. विचारलं की एकच उत्तर, पडले. पडल्यावर नखं कुणाची लागतात गं, असं विचारलं तर पाण्याचा पेला तोंडाला लावायची आणि लावूनच ठेवायची. शिरीषनं तिला समोर उभं करून सांगितलं की मार खाऊन घरी यायचं नाही, एकानं एक दिली तर आपण दोन द्यायच्या. तिनं मान हलवली. मी ब्रुनरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, वर्गात ती शांत असते, वाटेवर काही चाललं असेल तर मुलं आपसांत मिटवतील, मात्र त्या लक्ष ठेवतील. आणि पुन्हा तेच, मऊ आवाजात, की तुम्ही सतत मागे राहिलात तर ती खंबीर कशी होणार.

खंबीर झाली नाही तरी चालेल, डोळा जायला नको, असं माझं गणित. कोण माझ्या मुलीला ओरबाडतंय ते मला बघायचंच होतं. एका दुपारी शाळा सुटायच्या आधी मी जाऊन वाटेवर लपले.

घरांच्या मागून, गाईंच्या गोठ्याला वळसा घालून ओढ्याच्या कडेनं जाणारी ती पायवाट होती. एका बाजूला लाकडी कुंपण, दुसऱ्या बाजूला हिवाळ्यासाठी रचलेली लाकडं. धुकं होतं. त्या लाकडांच्या आड मी चोरासारखी उभी. मनात ठरवून ठेवलं होतं की थोराड पोरं असतील, तीन-चार तरी, आणि त्यांना काय काय सुनवायचं तेही त्यांच्या बोलीत पाठ करून ठेवलं होतं.

आले ते दोघेच. मैथिली आणि लेविन. लेविन तिच्यापेक्षा वीतभर बुटका, कान लाल, नाक गळतं. दोघं कशावरून तरी हसत होते. मग तो काहीतरी म्हणाला, मान हलवून नाही नाही केलं आणि पुढे चालायला लागला.

मैथिलीनं पाठीवरचं दप्तर काढलं. कुंपणाला नीट टेकवून उभं केलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग मागून जाऊन डाव्या हातानं त्याच्या मानेवरचे केस मुठीत धरले, डोकं खाली दाबलं आणि उजवा तळवा उघडा ठेवून त्याच्या कानावर मारला.

आवाज ओल्या फडक्यासारखा आला. लेविनचे हात हवेत उडाले, मागे तिच्या तोंडावर ओरबाडायला गेले. तिनं चेहरा बाजूला घेतला, त्याचं कपाळ कुंपणाच्या फळीवर टेकवलं आणि पुन्हा कानावर. तो लाथा झाडत होता. ती ओरडत नव्हती. पाढे म्हणून घ्यावेत तशी हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होती. मला ओठ तेवढे हलताना दिसत होते. पुन्हा मारलं. त्याच्या कोटाच्या टोपीची दोरी तुटून तिच्या मुठीत आली.

पोरं मारामारी करतात. मीही केली आहे, चुलत भावाचा दात पाडला आहे. पण पोरं बुक्क्या मारतात, बोचकारतात, चावतात, रडतात. मुठीचा वळ उठतो आणि केसांच्या आड कानावर सपाट तळवा बसला की काही दिसत नाही, हे आठ वर्षांच्या मुलीला माहीत असायचं कारण नव्हतं. माझा हात आपण होऊन डोक्याच्या रुमालाखाली, उजव्या कानामागे गेला होता.

मी धावले. तिला कमरेला धरून ओढलं तर गर्रकन वळून तिनं मलाही मारलं, मनगटावर. डोळ्यांत कोणी नव्हतं तिच्या. मग मी दिसले आणि मूठ सुटली.

लेविन चिखलात बसला होता. कानातून रक्ताची बारीक ओळ मानेवर उतरत होती. तो उठला, पँट झटकली आणि मला म्हणाला, "काही नाही. आम्ही खेळत होतो." वर तिचं दप्तर उचलून तिच्या हातात दिलं.

त्याला मी घरी पोचवलं. बोसार्टबाईंनी रक्त पुसलं. तोंडानं म्हणाल्या की पोरांचं पोरं बघतील, पण कान कोरडा झाला तरी नवा कापूस घेऊन पुसतच राहिल्या. माझ्या रुमालाकडे बघितलं आणि मुलाच्या कोटाची बटणं काढायला वळल्या.

घरी येऊन तिची सुटलेली वेणी घालताना मी मैथिलीला विचारलं, राग आला होता का त्याचा? म्हणाली, नाही. मग रबर माझ्या हातात देत म्हणाली, "राग कशाला यायला पाहिजे?"

कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी शाळेला कळवलं आणि ब्रुनरबाईंचा फोन आला. सगळ्यांनी बसून बोलायचं होतं. त्यांचा आवाज अजूनही मऊ होता, पण आता त्यात हाड होतं. मैथिली हे का करते ते समजलं नाही तर तिला या वर्गात ठेवता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. डोंगरापलीकडे अशा मुलांची एक छोटी शाळा आहे, सकाळी टॅक्सी येऊन नेते. "आम्हाला ती इथेच हवी आहे," त्या म्हणाल्या. "पण लेविनही इथेच हवा आहे."

अशा मुलांची.

शिरीषला सांगितलं ते रविवारी. त्या इमारतीत रविवारी आवाज करायचा नसतो. कपडे धुवायचे नाहीत, खिळा ठोकायचा नाही, मिक्सर लावायचा नाही. मी ओट्याशी होते. तो ऐकत गेला, पेपरची घडी घातली, उठला आणि खिडक्या लावायला लागला. आधी बैठकीतली, मग स्वयंपाकघरातली. खिडक्या लागायला लागल्या की पुढचं मला कळायचं.

माझ्या मागे येऊन त्यानं डाव्या हातानं मानेवरचे केस धरले. ओट्यावर वाकवलं. उजवा तळवा कानावर बसला तेव्हा समोरचा नळ दोन झाला. मुलीला शाळेत वेडं ठरवून आलीस का, लोकांच्या पोरासाठी आपल्या पोरीची चुगली केलीस का, एवढं मला मधेमधे ऐकू आलं. पुन्हा बसला. माझं कपाळ टाइल्सवर आपटलं आणि पालथं घातलेलं पातेलं घसरायला लागलं, ते मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. रविवारी भांडं पडलं तर खाली बोसार्टबाईंना त्रास होतो. एवढी मी त्या देशाची झाले होते.

मैथिली दारात उभी होती. सपाता घातलेली, म्हणून पाऊल वाजलं नव्हतं. "जा, खेळ जा," शिरीष तिला म्हणाला, अगदी साध्या आवाजात. तिच्यावर त्यानं कधी बोट उचललं नाही. ते तो लोकांना अभिमानानं सांगायचा आणि ते खरंही होतं.

मग त्यानं खिडक्या उघडल्या आणि चहा मागितला. तो कान त्या दिवशी जो वाजायला लागला तो मधूनमधून अजून वाजतो. फोन मी डाव्या कानाला लावते. चहा पिता पिता त्यानं मला शाळेत काय बोलायचं ते सांगितलं. तो पोरगा तिला रंगावरून चिडवतो, म्हणून तिनं मारलं. वर बजावलं, "मी बोलेन तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही."

बुधवारी दुपारी मुलांना सुट्टी असते. रिकाम्या वर्गात त्याच बुटक्या खुर्च्यांवर आम्ही गोल करून बसलो. ब्रुनरबाई, बोसार्टबाई, आम्ही दोघं आणि मैथिली. लेविनला आणलं नव्हतं. हीटर सुरू होता, सगळ्यांनी कोट काढले. मी रुमाल काढला नाही.

आधी चांगलं बोलायचं, ही तिथली रीत. मैथिलीचं गणित किती छान, चित्रं किती बारकाव्याची, दोन वर्षांत बोली किती सुरेख आली. मग बाई त्या घटनेकडे वळल्या. घटना, ताण, परिस्थिती. कुंपण, केस, रक्त यांतला एक शब्द कुणाच्या तोंडून निघेना. गरम बटाटा एका हातातून दुसऱ्या हातात जावा तसं चाललं होतं. शिरीषनं ठरवलेलं सांगायला लावलं. मी सांगितलं. रंगावरून चिडवतो.

बोसार्टबाईंचा चेहरा पडला. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तो रोज सकाळी जिन्यात बसून तिची वाट बघतो. आत्ताही, कानाला बोळा घालून, तिला शिक्षा करू नका म्हणून रडत होता."

ते मी शिरीषला सांगितलं. "मग उगाच कशाला मारेल ती?" तो म्हणाला.

"मला हेच कळत नाही," ब्रुनरबाई म्हणाल्या, मी भाषांतर करायच्या आधीच, जणू त्यांना समजलंच होतं.

बोसार्टबाईंनी हातरुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "एक विचारू?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मारताना ती तुमच्या भाषेत काहीतरी म्हणते. दर वेळी तेच. लेविनला पाठ झालंय. झोपेतसुद्धा म्हणतो तो." आणि त्यांनी डोळे मिटून, तो घशातला काटा सांभाळत, एकेक अक्षर जपून ठेवत म्हटलं, "ऐकायला काय होतं तुला?"

त्या गावात आमच्या तिघांशिवाय कुणाच्या तोंडून मराठी मी तोपर्यंत ऐकली नव्हती. उच्चार कसेही असोत, चाल बरोबर होती. शेवटच्या शब्दावरचा तो हलकासा दाब, ज्याच्यानंतर तळवा बसतो, तोसुद्धा.

या वाक्याला शिरीषला माझी गरज पडली नाही. त्याचा सतत हलणारा गुडघा थांबला.

"याचा अर्थ काय होतो?" ब्रुनरबाईंनी विचारलं.

कुणी कुणाकडे बघेना. ब्रुनरबाई माझ्या रुमालाच्या कडेकडे बघत होत्या, कपाळावरचं हिरवं पडलेलं जिथे अर्धं दिसत होतं. बोसार्टबाई छताकडे बघत होत्या. ते छत वर्गाचं होतं, पण त्या कोणतं छत बघतायत ते मला कळलं. रविवार रविवार आमच्या पायांखाली बसलेली ती बाई. पातेलं पडलं नाही म्हणून काय झालं, माणूस पडल्याचा आवाज वेगळा असतो.

शिरीष हसला. बघणाऱ्यांसाठी हसला आणि मला मराठीत म्हणाला, "सांग, सिनेमातला डायलॉग आहे. टीव्हीवर बघून शिकली असेल."

वाक्य माझ्याकडे तयार होतं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी, त्यांच्या बोलीत. दोन वर्षं मी हेच करत आले होते. इकडचं फटक्यांचं बोलणं तिकडे विश्वासाचं होऊन पोचवायचं. यानंतर बाई मान हलवणार होत्या. सकाळी टॅक्सी येणार होती. लेविन जिन्यात बसून राहणार होता. आणि माझी पोर डोंगरापलीकडे, अशा मुलांच्यात, त्या सिनेमाचं ओझं एकटीच्या दप्तरात घालून जाणार होती.

मैथिली खुर्चीवर पाय हलवत होती. ते थांबले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काय भाषांतर करते ते ऐकायला.

"याचा अर्थ, तुला ऐकायला काय होतं," मी त्यांच्या भाषेत म्हणाले. "हे माझ्या नवऱ्याचं वाक्य आहे. मला मारताना तो हे म्हणतो. असंच मारतो, केस धरून, कानावर. तिनं ते माझ्या घरात बघितलंय."

बोसार्टबाईंनी खुर्ची माझ्या बाजूला सरकवली, अगदी कोपराला कोपर लागेपर्यंत. शिरीष सगळ्यांचे चेहरे बघत होता, ओठांवर मघाचं हसू तसंच राहून गेलेलं.

"काय सांगितलंस त्यांना?" त्यानं विचारलं.

"तुम्ही मला मारता," मी म्हणाले, "ते सांगितलं."